फ्रीमँटलचे दोन फलक : पाप, ऋण आणि स्मरण

पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल या बंदराच्या गावात, समुद्रालगतच्या एस्प्लनेड उद्यानात ग्रॅनाइटचे एक स्मारक उभे आहे. 'एक्सप्लोरर्स मॉन्युमेंट', म्हणजे शोधप्रवाशांचे स्मारक, हे त्याचे रूढ नाव. इटलीत जन्मलेले शिल्पकार पिएत्रो पोर्चेल्ली यांनी ते घडवले. फेब्रुवारी १९१३ मध्ये त्याचे अनावरण झाले. खर्च ब्रॉकमन नावाच्या एका वसाहतकाराने केला होता. जोत्यावर मेटलंड ब्राउन यांचा अर्धपुतळा आहे आणि खाली मजकुराचा फलक. त्याच जोत्यावर १९९४ मध्ये दुसरा एक फलक बसवण्यात आला. पहिल्या फलकावर जे लिहिले आहे त्याला दुसऱ्या फलकाने हरकत घेतली आहे, आणि दोन्ही आजही एकाच दगडावर आहेत. पूर्वजांच्या कृत्यांची जबाबदारी वंशजांवर येते काय, मृतांची क्षमा मागता येते काय, आणि सार्वजनिक स्मरणाला सत्याचे कोणते बंधन असते, हे तीन प्रश्न या जोडीतून उभे राहतात. धर्मविचारात आणि नीतिशास्त्रात ते फार जुने आहेत.

स्मारकामागची घटना

जेम्स स्टर्लिंग याने १८२९ मध्ये स्वान नदीच्या मुखाशी ब्रिटिश वसाहत स्थापन केली. पुढच्या तीन दशकांत दक्षिणेकडची बहुतेक चांगली कुरणे वसाहतकारांनी व्यापली आणि मेंढ्यांच्या कळपांसाठी उत्तरेकडच्या जमिनीचा शोध सुरू झाला. १८६४ मध्ये पोलीस निरीक्षक फ्रेडरिक पँटर याने रोबक उपसागराभोवती, म्हणजे आजच्या ब्रूम शहराच्या परिसरात, चांगला चारा असल्याची बातमी आणली. त्यावर तेथे पशुपालन करण्यासाठी एक मंडळी उभी राहिली. त्याच वर्षी पँटर, हार्डिंग आणि गोल्डवायर हे तिघे जमीन पाहण्यासाठी रोबक उपसागराच्या दक्षिणेला ला ग्रेंज उपसागराकडे गेले. ते परतले नाहीत.

सरकारने शोधपथक पाठवले. त्याचा नायक मेटलंड ब्राउन तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता आणि फ्रान्सिस ग्रेगरी यांच्या १८६१ च्या मोहिमेत काम केल्यामुळे त्याला वायव्य भागाची माहिती होती. १८६५ च्या एप्रिलमध्ये पथकाला तिघांचे मृतदेह त्यांच्या तळावर सापडले. त्यानंतर पथक आणि स्थानिक आदिवासी यांच्यात जे घडले त्यात वीसच्या आसपास आदिवासी मारले गेले. पथकातले कोणीही मेले नाही, जखमीही झाले नाही. तिघांचे अवशेष पर्थला आणून त्यांचा मोठा सार्वजनिक अंत्यसंस्कार करण्यात आला. ब्राउन पुढे दंडाधिकारी आणि राजकारणी म्हणून नावारूपाला आला आणि १९०५ मध्ये वारला.

१९१३ च्या फलकाने ही हकीकत एका बाजूने सांगितली. त्यात तो प्रदेश 'अज्ञात' ठरतो. 'विश्वासघातकी' रहिवाशांनी रात्री हल्ला करून तिघा शोधप्रवाशांचा खून केला, असे तो म्हणतो. ब्राउनला तो शोध आणि शासन करणाऱ्या सरकारी पथकाचा निर्भय नायक म्हणून गौरवतो. 'शासन करणारे' हा शब्द तेथे अभिमानाने आलेला आहे. मात्र शासन कोणाला झाले, किती जणांना झाले आणि कोणत्या न्यायालयाच्या निकालाने झाले, याबद्दल एक अक्षरही नाही. शेवटी विस्मरण न होण्याची विनवणी आहे.

'अज्ञात प्रदेश' या कल्पनेची मुळे

ज्या किनाऱ्याला फलकाने अज्ञात म्हटले तो युरोपीयांनाही तोवर अनोळखी राहिला नव्हता. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर १६९९ मध्ये 'रोबक' जहाजातून आला असता पाण्याच्या शोधात याच किनाऱ्यावर उतरला होता. तेव्हा झालेल्या चकमकीत त्याने एका आदिवासीवर गोळी झाडली होती. बोदँ याच्या फ्रेंच मोहिमेने पुढे शतकभराने या उपसागराला गणितज्ञ लाग्रांज याचे नाव दिले. करजारी लोक तर तेथे हजारो वर्षांच्या परंपरेने राहत होते. तेव्हा 'अज्ञात' या विशेषणात भूगोलापेक्षा हक्काची भूमिका अधिक होती. जी जमीन कोणाच्या जाणिवेत नाही ती कोणाच्या मालकीचीही नाही, असा त्याचा अर्थ होत होता.

या भूमिकेला आधी धर्माचे आणि मग तत्त्वज्ञानाचे पाठबळ मिळाले. पोप पाचवा निकोलस याने १४५२ आणि १४५५ च्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती प्रदेश जिंकण्याची मुभा दिली. गोव्यात पुढे जी पाद्रोआदोची, म्हणजे चर्चच्या कारभारावर पोर्तुगीज राजाच्या अधिकाराची, व्यवस्था आली तिच्यामागे हीच परंपरा होती. १४९३ मध्ये पोप सहावा अलेक्झांडर याने स्पेनला पश्चिमेकडील नव्या प्रदेशांवर तसाच अधिकार दिला. इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यावर त्याला पोपची आज्ञा लागली नाही, पण ख्रिस्ती राजाने 'शोधलेल्या' भूमीवर त्याचा हक्क जडतो ही समजूत टिकली. व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी या शोधसिद्धान्ताचा अधिकृतपणे त्याग केला.

धर्माच्या जागी तर्क आणण्याचे काम सतराव्या आणि अठराव्या शतकांतील विचारवंतांनी केले. जॉन लॉक याच्या मते जमिनीत श्रम मिसळले की ती श्रम करणाऱ्याची होते. जी नांगरली नाही, कुंपणात घेतली नाही, ती पडीक. स्विस विधिज्ञ एमेरिक द वात्तेल याने १७५८ मध्ये जमीन कसणे हे राष्ट्रांचे कर्तव्य ठरवले आणि भटक्या समाजांचा विस्तीर्ण भूभागावरचा दावा दुबळा मानला. शेती हाच मालकीचा एकमेव पुरावा मानल्यावर शिकार, मासेमारी, कंदमुळे आणि पाणवठे यांवर जगणारा समाज आपल्याच भूमीवर पाहुणा ठरतो. ऑस्ट्रेलियात ही समजूत कायद्यात मुरली. देशाच्या उच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात ती फेटाळली आणि ब्रिटिश येण्यापूर्वीचे आदिवासींचे भूमीवरील हक्क मान्य केले.

करजारी समाजाची भूमीविषयीची धारणा नेमकी उलट दिशेची आहे. त्यांच्या श्रद्धेत पुकारीकारा या आदिकाळात पूर्वज-शक्तींनी डोंगर, किनारा आणि झरे घडवले, आणि त्याच वेळी माणसांनी कसे वागावे याचे नियमही घालून दिले. भूमी आणि कायदा यांची उत्पत्ती अशी एकच आहे. वाळवंटाला लागून असलेल्या या प्रदेशातील जिवंत पाणवठे सामर्थ्यशाली सर्पांचे निवासस्थान मानले जातात. परक्याने तेथल्या माणसांच्या संमतीने आणि पाण्याला आपली ओळख देऊनच त्याजवळ जायचे असते. या दृष्टीने पाहिले तर घोडे घेऊन विचारल्याशिवाय पाण्यावर येणारा आणि कुरण मोजणारा माणूस निरुपद्रवी प्रवासी ठरत नाही. त्याच्या हातून एका जिवंत कायद्याचा भंग होत असतो. १९१३ च्या फलकात या कायद्याला कोठेच जागा नाही. म्हणूनच प्रतिकार त्याला केवळ विश्वासघात वाटतो.

दुसरा फलक

ला ग्रेंजच्या जागी आज बिद्यादंगा ही वस्ती आहे. ती ब्रूमच्या दक्षिणेला असून तेथे करजारींबरोबर मंगला, न्यांगुमार्ता, युल्पारिजा अशा अनेक समूहांचे लोक राहतात. येथील वडीलधारी मंडळी, फ्रीमँटल-पर्थमधील आदिवासी कार्यकर्ते आणि काही इतिहासकार व विद्यार्थी यांनी स्मारकावर उत्तरादाखल फलक बसवण्याची मागणी केली. इतिहासकार ब्रूस स्केट्स यांनी या प्रयत्नाविषयी पुढे विस्ताराने लिहिले.

९ एप्रिल १९९४ रोजी दुसऱ्या फलकाचे अनावरण झाले. बिद्यादंगाहून वडीलधारे आले होते. जेथे त्यांचे पूर्वज मारले गेले तेथली माती त्यांनी स्मारकापाशी पसरली. आदिवासी ध्वजाच्या लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगांची फुले वाहण्यात आली.

या फलकाची मांडणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. समोरचे स्मारक ज्यांना दुखावणारे वाटले त्यांनी हा फलक लावला आहे, असे तो आरंभीच सांगतो. म्हणजे बोलणारा कोण आहे हे तो लपवत नाही. मूळ स्मारकाने गोऱ्या वसाहतकारांचीच बाजू मांडली, आदिवासींना आपली भूमी राखण्याचा हक्क होता याचा आणि आधी घडलेल्या चिथावणीचा उल्लेख टाळला, हे तो नोंदवतो. शासन करणाऱ्या पथकाच्या हातून वीसच्या आसपास आदिवासी मेले आणि सशस्त्र पथकाला काहीच इजा झाली नाही, हेही तो सांगतो. ला ग्रेंज येथे आणि देशावरील आक्रमणात अन्यत्र मेलेल्या सर्व आदिवासींचे स्मरण करून तो संपतो. तिघा शोधप्रवाशांचा मृत्यू तो नाकारत नाही आणि त्यांच्याविषयी अपशब्दही वापरत नाही.

आजच्या मापाने काल मोजणे

अशा फलकांवर पहिला आक्षेप असतो तो काळाचा. त्या पिढीला जे योग्य वाटले ते तिने केले, आजच्या नैतिक मापाने तिला मोजणे अन्याय आहे, असे म्हटले जाते. माणसाची नीती त्याच्या काळाने घडते आणि ज्ञानाच्या सीमा ओलांडून कोणाला जबाबदार धरता येत नाही, एवढा भाग या आक्षेपात खरा आहे. पण त्या काळात दुसरे मतच नव्हते, या गृहीतावर तो उभा आहे, आणि हे गृहीत इतिहासाला धरून नाही.

स्वान नदीच्या वसाहतीत १८३२ मध्ये यागन हा नूनगार आदिवासी लढवय्या पकडला गेला, तेव्हा रॉबर्ट लायन या वसाहतकाराने तो गुन्हेगार नसून युद्धकैदी आहे आणि आपला देश राखण्यासाठी लढणारा आहे, अशी बाजू मांडली. १८३७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने वसाहतींतील मूळ रहिवाशांच्या स्थितीचा अहवाल दिला आणि त्यात भूमीवरील त्यांचा हक्क स्पष्टपणे मान्य केला. १८८६ मध्ये जॉन ग्रिबल या अँग्लिकन धर्मोपदेशकाने पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आदिवासी मजुरांवर होणाऱ्या अत्याचारांवर पुस्तिका लिहिली. त्यापायी त्याला वसाहत सोडावी लागली. त्याहीआधी, सोळाव्या शतकात, डोमिनिकन भिक्षू बार्तोलोमे दे लास कासास याने अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या बाजूने १५५० मध्ये व्हायादोलिद येथे राजसभेने बोलावलेल्या विद्वानांपुढे वाद केला होता.

ला ग्रेंजची मोहीम निघाली तेव्हा हे सर्व आवाज, ग्रिबलचा वगळता, उमटून गेलेले होते. ते अल्पमतात होते एवढेच. १९१३ च्या फलकाला आज दोष देणे म्हणजे परक्या काळावर आपले माप लादणे नव्हे. त्या काळातच उपलब्ध असलेले आणि बाजूला सारलेले माप पुन्हा वापरणे, असे त्याचे स्वरूप आहे. शिवाय आदिवासींचे मत हेही त्या काळाचेच मत होते. 'त्या काळी सर्वांना असेच वाटे' या वाक्यातील 'सर्व' या शब्दातून मारले गेलेलेच वगळले जातात.

पाप आणि ऋण

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. १८६५ मध्ये गोळी झाडणारे सगळे मेले. आजचा फ्रीमँटलकर त्यात नव्हता, आणि आज ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या अनेकांचे पूर्वजही तेव्हा त्या देशात नव्हते. मग अपराध कोणाचा?

या प्रश्नावर धर्मग्रंथांत दोन आवाज ऐकू येतात. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात वडिलांच्या अपराधाचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते असे आहे. 'यहेज्केल' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मात्र ही समजूत ठामपणे नाकारली आहे. तेथे मुलगा बापाच्या पापाचा भार वाहत नाही, जो पाप करतो त्यालाच ते लागते. भारतीय कर्मविचाराचा मुख्य प्रवाहही कर्म करणाऱ्यालाच फळ जोडतो. वंशजांना अपराधी ठरवायचे नसेल तर या दोन्ही परंपरांचा आधार घेता येतो, आणि तो घ्यायलाही हवा. जन्माने अपराधी ठरवणे हीच तर वंशभेदाची मूळ चूक होती.

पण येथे एक दुसरी संकल्पना पुढे येते. धर्मशास्त्रात पाप आणि ऋण यांत फरक केला आहे. बापाचे योग्य कर्ज मुलाने फेडावे, हा स्मृतींचा सर्वसाधारण नियम आहे. मात्र मद्यपानाचे, जुगाराचे कर्ज किंवा बापाला झालेला दंड मुलावर लादू नये, असा अपवाद मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही सांगितलेला आहे. हा भेद सूक्ष्म आहे. ज्यातून घराची संपत्ती उभी राहिली त्या व्यवहाराचे देणे वारसाकडे जाते. बापाच्या वैयक्तिक दुर्वर्तनाची शिक्षा जात नाही. वारसा घ्यायचा तर त्यावरचा बोजाही घ्यावा लागतो.

हा भेद ला ग्रेंजला लावून पाहता येतो. ब्राउनच्या पथकाने केलेली हत्या हे पथकाचे पाप, ते त्याच्याबरोबर गेले. परंतु त्या हत्येने जी भूमी मोकळी झाली, जिच्यावर कळप चरले, जिच्या उत्पन्नातून बंदरे, बँका आणि सार्वजनिक संस्था वाढल्या, ती संपत्ती आजही वारशाने हस्तांतरित होत आहे. नंतर आलेला स्थलांतरित तिचा थेट वारस नसेल, पण त्याच व्यवस्थेच्या कायद्याखाली तो जमीन विकत घेतो आणि संस्थांचा लाभ घेतो. त्याच्या वाट्याला पाप येत नाही, देण्याचा काही भाग येतो.

जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ मध्ये, नाझी राजवटीनंतरच्या जर्मनीपुढील प्रश्नाचा विचार करताना, दोषाचे चार प्रकार वेगळे केले होते : कायद्याने ठरणारा, राजकीय, नैतिक आणि तत्त्वमीमांसात्मक. गुन्हेगारी दोष व्यक्तीचा असतो आणि न्यायालयात ठरतो. राजकीय दोषातून येणारे उत्तरदायित्व मात्र त्या राज्याच्या सर्व नागरिकांवर असते, त्यांचा हात गुन्ह्यात असो वा नसो. अमेरिकी विचारवंत आयरिस मॅरियन यंग यांनी पुढे जबाबदारीला दोषापासून आणखी दूर नेले. त्यांच्या मते अन्याय्य रचनेत भाग घेणाऱ्यावर ती बदलण्याची पुढची जबाबदारी असते, मागच्या दोषाचा शिक्का नसतो. स्मृतिकारांचा ऋणविचार, यास्पर्स आणि यंग यांची गृहीतके पूर्णपणे भिन्न आहेत. तरीही अपराधाशिवाय उत्तरदायित्व असू शकते, या एका मुद्द्यावर तिघे एकत्र येतात.

मृतांपुढची कबुली

ऋण कोणाला फेडायचे, हा पुढचा प्रश्न. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो, आणि तो तर मेलेला आहे. वंशजांनी पूर्वजांच्या वतीने क्षमा केली तरी ती क्षमा पूर्वजांची होत नाही. या अडचणीमुळे काहींना सार्वजनिक क्षमायाचना हा रिकामा विधी वाटतो.

यहुदी धर्मशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवसानेही धुऊन जात नाही, ज्याचा अपराध केला त्याची समजूत काढलीच पाहिजे, असा तेथे नियम आहे. तो माणूस मेला असेल तर काय, याचे उत्तर बाराव्या शतकातील धर्मपंडित मायमोनिडीझ यांनी दिले आहे. अपराध्याने दहा माणसांना घेऊन मृताच्या कबरीपाशी जावे आणि त्यांच्यासमोर आपण काय केले ते बोलून दाखवावे. त्याच्यावर देणे असेल तर ते वारसांना द्यावे. मृताकडून उत्तर येणार नाही हे येथे मान्य आहे. तरीही कबुली रद्द होत नाही, कारण ती साक्षीदारांसमोर झालेली असते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही पापमुक्तीच्या साधनांत अनुतापाबरोबर पाप उघड सांगण्याला स्थान दिले आहे. झाकलेले पाप वाढते आणि सांगितलेले कमी होते, ही धारणा या दोन परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरांत समान आहे.

फ्रीमँटलच्या दुसऱ्या फलकाला या विधीच्या चौकटीत ठेवले म्हणजे त्याचे कार्य स्पष्ट होते. तो कोणाकडून क्षमा मिळवत नाही आणि कोणाच्या वतीने ती देतही नाही. जे मोजले गेले नव्हते ते मृत्यू सार्वजनिक जागी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साक्षीने तो नोंदवतो. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. मायमोनिडीझच्या विधीत कबुली अपराध्याने द्यायची असते. येथे मागणी पीडितांच्या वंशजांनी केली, त्यांच्या मित्रांनी साथ दिली आणि सत्तेने संमती दिली. राष्ट्राच्या बाजूची कबुली नंतर आली. पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत, आईबापांपासून तोडल्या गेलेल्या आदिवासी मुलांच्या पिढ्यांची क्षमा मागितली. ती क्षमायाचना मुलांच्या अपहरणापुरती होती, वसाहतीच्या विस्तारात झालेल्या हत्यांचा विषय तीत नव्हता.

काढावे की ठेवावे

अन्यायाचा गौरव करणारे स्मारक हटवावे, असे एक मत आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा निदर्शकांनी पाडून बंदरात टाकला. पुढे तो शहराच्या संग्रहालयात गेला. या मताचा गाभा असा की चौकातील पुतळा हा इतिहासाचा धडा नसतो. तो सन्मान असतो, आणि सन्मान चालू ठेवणे ही रोजची नवी कृती असते.

उलट बाजूने नीत्शे यांनी १८७४ मध्ये केलेली इतिहासाची त्रिविध विभागणी उपयोगी पडते. गौरवणारा इतिहास कर्तृत्वाला प्रेरणा देतो, जपणारा इतिहास मुळांची ओढ टिकवतो आणि चिकित्सक इतिहास भूतकाळाला न्यायासनासमोर उभे करतो. कोणताही एक प्रकार एकटा राहिला की तो जीवनाला घातक होतो, असे त्यांचे म्हणणे. १९१३ चा फलक हा निव्वळ गौरवणाऱ्या इतिहासाचा नमुना आहे. तो काढला तर चिकित्सेला लागणारा पुरावाही जातो. एका समाजाने अशी हत्या अभिमानाने दगडात कोरली होती, ही वस्तुस्थिती स्वतःच इतिहास आहे. ती पुढच्या पिढीला कागदावर वाचून जितकी पटेल त्याहून मूळ दगडावर अधिक पटते.

उत्तरादाखल फलक बसवण्याच्या मार्गावरही आक्षेप आहेत. वर पुतळा आणि खाली लहान फलक, या रचनेत मोठेपण अजून पहिल्याचेच राहते. शिवाय दोन बाजू शेजारी ठेवल्या की वाचकाला त्या समान मोलाच्या दोन मतांसारख्या वाटण्याचा धोका असतो. पहिला आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याचे उत्तर मजकुरातच मिळते. पहिल्या फलकाने दुसऱ्या बाजूचे मृत्यू गाळले आहेत, दुसऱ्याने पहिल्या बाजूचे मृत्यू मान्य करून उरलेले जोडले आहेत. दोन्ही वाचणाऱ्याला दुसऱ्यात पहिला सामावतो, पहिल्यात दुसरा सामावत नाही. म्हणून त्यांचे नाते दोन मतांचे न राहता अपुऱ्या आणि पुऱ्या साक्षीचे होते. मात्र जेथे मजकूर जोडूनही गौरवाचा अर्थ तसाच राहतो, किंवा जेथे पीडितांच्या वंशजांना ते दृश्य रोज सोसावे लागते, तेथे हटवणेच न्याय्य ठरू शकते. ठेवावे की काढावे याचा एकच नियम नाही. निर्णयात कोणाचा आवाज होता, ही त्याची पहिली कसोटी आहे.

विसर न पडो : एका प्रार्थनेचे दोन उपयोग

दोन्ही फलकांचा शेवट विस्मरण न होवो या एकाच विनवणीने होतो. दुसऱ्यावर ती आदिवासी भाषेतही आहे. इंग्रजी साम्राज्यात ही विनवणी रुडयार्ड किपलिंगच्या 'रिसेशनल' या १८९७ सालच्या कवितेतून पसरली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याच्या सोहळ्यानिमित्त ती लिहिली गेली, पण तिचा सूर विजयाचा नसून देवापुढच्या धास्तीचा आहे. तिची मुळे बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात आहेत. न बांधलेली घरे, न खोदलेल्या विहिरी आणि न लावलेले मळे मिळालेल्या लोकांना तेथे बजावले आहे की तृप्त झाल्यावर देवाला विसरू नका.

मूळ संदर्भात हे स्मरण नम्रतेसाठी आहे. जे मिळाले ते आपल्या पुण्याईचे नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी आहे. १९१३ च्या फलकाने ते आपल्या मृतांपुरते आणि आपल्या शौर्यापुरते आखडून घेतले. दुसऱ्यांनी खोदलेल्या विहिरींची आठवण त्यातून गळाली. १९९४ च्या फलकाने तेच शब्द पुन्हा घेऊन त्यांचा आवाका वाढवला. अनेक परंपरांत स्मरण हे कर्तव्य मानले असले तरी निवडक स्मरण हा विस्मरणाचाच एक प्रकार असू शकतो. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९६८ च्या व्याख्यानांत ऑस्ट्रेलियाच्या इतिहासलेखनातील आदिवासींविषयीच्या मौनाला नाव दिले तेव्हा त्यांचा रोख यावरच होता. ही चूक केवळ अनवधानाची नव्हती. खिडकी अशा कोनात बसवली होती की दृश्याचा एक मोठा भाग दिसूच नये, असे त्यांनी सुचवले होते.

कबुली आणि फेड

कबुली म्हणजे फेड नव्हे. सावकाराच्या वहीत देणे मान्य केल्याने रक्कम कमी होत नाही, पण मान्य केल्याशिवाय फेडीला आरंभही होत नाही. फलकाचे काम या पहिल्या टप्प्याचे आहे. त्याच्याकडून न्यायाची पूर्तता मागणे चूक, आणि त्याने न्याय झाला असे मानणे त्याहून मोठी चूक.

ला ग्रेंजच्या बाबतीत फेडीचा काही भाग न्यायालयातून आला. माबो निकालानंतर १९९३ मध्ये झालेल्या कायद्यानुसार करजारी लोकांनी दावा केला आणि २००२ व २००४ च्या निकालांनी त्यांच्या परंपरागत भूमीवरील हक्कांना मान्यता मिळाली. ज्या कायद्याचे अस्तित्व १९१३ च्या फलकाला दिसले नव्हते, त्याच कायद्याची परंपरा या दाव्यात पुरावा म्हणून उभी राहिली. दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात, आदिवासींचे म्हणणे संसदेपुढे मांडणारी संस्था संविधानात आणण्याचा प्रस्ताव सुमारे ६० टक्के मतदारांनी नाकारला. सहापैकी एकाही राज्यात त्याला बहुमत मिळाले नाही. मृतांविषयीची कबुली देणे समाजाला जमले तरी जिवंतांबरोबर सत्ता वाटून घेणे अवघड जाते, असे या दोन घटना शेजारी ठेवल्यावर दिसते.

फ्रीमँटलच्या उदाहरणावरून वसाहतकाळाच्या स्मारकफलकांसाठी नीतीचे तीन निकष निघतात. पहिला, साक्ष पूर्ण असावी. मृत्यू नोंदवायचे तर दोन्ही बाजूंचे नोंदवावेत आणि कोणी कोणाला व कशासाठी मारले हे झाकू नये. दुसरा, बोलणाऱ्याने आपण कोण हे सांगावे, कारण निनावी फलक स्वतःचे मत सर्वांचे सत्य म्हणून पुढे करतो. तिसरा, वंशजांवर पाप लादू नये आणि त्यांना ऋणातून मोकळेही करू नये. १९१३ चा फलक यांपैकी दुसऱ्यावर काही अंशी उतरतो, कारण तो उभारणाऱ्याचे नाव त्यावर आहे. पहिल्या आणि तिसऱ्यावर तो उतरत नाही. १९९४ चा फलक तिन्हींवर बऱ्याच अंशी उतरतो. पुढची फेड मात्र जमिनीच्या हक्कांतून, कायद्यातून आणि राजकीय प्रतिनिधित्वातूनच व्हायची आहे.